व्हीसीओची रेंज वाढवली की लिनिॲरिटी का बिघडते, त्यामागची गोष्ट

ऐंशीच्या दशकात मुंबईत ज्यांच्या घरी टीव्ही होता त्यांना आठवत असेल, पुढच्या बाजूला एक छोटं झाकण, ते उघडलं की आत बारीक बारीक चाकं आणि प्रत्येक चाकाजवळ बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा, निवडायचा एक खटका. चाक हळूहळू फिरवलं की मुंग्यांमधून चित्र वर यायचं. ते चाक म्हणजे साधा पॉट (बदलता रेझिस्टर), शून्यापासून साधारण ३० व्होल्टपर्यंत व्होल्टेज द्यायचा, आणि पत्र्याच्या डबीतल्या ट्यूनरमधला ऑसिलेटर, म्हणजे फ्रिक्वेन्सी तयार करणारं सर्किट, त्या व्होल्टेजप्रमाणे सरकायचा. म्हणजे घरात व्हीसीओ, व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर, होताच, फक्त त्याला कोणी त्या नावाने ओळखत नव्हतं. आज एक्स्टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम इंजिनिअरिंगची) मुलं प्रोजेक्टमधे व्हीसीओची रेंज वाढवायला जातात आणि लिनिॲरिटीत, म्हणजे फ्रिक्वेन्सी व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात ठेवण्यात, अडकतात तेव्हा मला तो बँडचा खटका आठवतो, कारण या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या खटक्यातच आहे.

त्याआधी रेडिओत गँग कंडेन्सर असायचा, पत्रे सरकून कपॅसिटन्स बदलणारा, हाताने फिरवायचा. मीडियम वेव्ह ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ, म्हणजे फ्रिक्वेन्सी तिप्पट. एलसी सर्किटमधे, म्हणजे कॉइल आणि कपॅसिटरच्या जोडीत, फ्रिक्वेन्सी कपॅसिटन्सच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे अँटेनाच्या कॉइलसोबतचा कपॅसिटन्स नऊपट बदलायला लागतो. गँगच्या पत्र्यांना ते सहज जमायचं, आणि पत्र्यांना हवा तो आकार देता यायचा म्हणून डायलवरचे आकडेही बऱ्यापैकी सारख्या अंतरावर बसवता यायचे. रेंज आणि लिनिॲरिटी दोन्ही पत्रा कापण्यातच मिळत होतं. अडचण सुरू झाली ती हात काढून व्होल्टेजने हे करायचं ठरल्यावर.

पहिला मोठा उपाय तीसच्या दशकातला, रिॲक्टन्स ट्यूब. व्हॉल्व्हच्या ग्रिडला ९० अंश फिरवलेला सिग्नल द्यायचा, मग तो व्हॉल्व्ह बाहेरून कपॅसिटर किंवा कॉइलसारखा वागतो आणि ग्रिडच्या व्होल्टेजवर त्याची किंमत बदलते. ट्रॅव्हिसने १९३५ मधे रेडिओ आपोआप स्टेशनवर राहावा म्हणून हे वापरलं, एफएम ट्रान्समीटरमधेही ते आलं. पण रेंज अगदी छोटी, थोडंसं सरकवलं तरच सरळ. म्हणून एफएमवाले कमी फ्रिक्वेन्सीवर जरासं सरकवायचे आणि नंतर मल्टिप्लायरने गुणून घ्यायचे.

खरा बदल व्हॅरॅक्टरने केला. रिव्हर्स बायस (उलट दिशेने व्होल्टेज) दिलेल्या डायोडचा कपॅसिटन्स व्होल्टेजने कमी होतो, पन्नासच्या दशकात बेल लॅब्जमधे आर्थर उलिर यांनी यावर बरंच काम केलं. हलणारा भाग नाही, जागा कमी, करंट जवळजवळ नाहीच. पण साध्या ॲब्रप्ट जंक्शनचा कपॅसिटन्स व्होल्टेजच्या वर्गमुळाने उतरतो आणि फ्रिक्वेन्सी परत कपॅसिटन्सच्या वर्गमुळाने, म्हणजे फ्रिक्वेन्सी व्होल्टेजच्या पाव घाताने चढते. व्होल्टेज सोळापट केला तर फ्रिक्वेन्सी जेमतेम दुप्पट! तीही कॉइलची आणि ट्रॅकची स्ट्रे (आपोआप येणारी) कपॅसिटन्स धरली नाही तर. खालच्या व्होल्टेजला भराभर सरकतो, वरच्या टोकाला ढिम्म. टीव्हीच्या ट्यूनरला ३० व्होल्ट का लागायचे ते इथे कळतं, आणि तो व्होल्टेज हलू नये म्हणून टीएए५५० किंवा झेडटीके३३ असा ३३ व्होल्टचा स्टॅबिलायझर का असायचा तेही.

यावर हायपरॲब्रप्ट डायोड आले. जंक्शनजवळ डोपिंग (मिसळलेली अशुद्धता) मुद्दाम जास्त ठेवायचं, म्हणजे कपॅसिटन्स जास्त वेगाने उतरतो. घात बरोबर दोन आला की गणिताने फ्रिक्वेन्सी व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात येते. पण तो दोन थोड्याच भागात टिकतो, शिवाय या डायोडचा सिरीज रेझिस्टन्स जास्त म्हणून क्यू (सर्किटचा दर्जा, नुकसान जितकं कमी तितका जास्त) कमी आणि फेज नॉइज, म्हणजे फ्रिक्वेन्सीची थरथर, वाढतो. काहींनी वेगळी वाट घेतली, डायोड-रेझिस्टरचं जाळं लावून ट्यूनिंग व्होल्टेजच आधी वाकवायचा, म्हणजे पुढे सरळ निघेल. महागड्या मायक्रोवेव्ह उपकरणांत यिग (इट्रियम-आयर्न-गार्नेट स्फटिकाचा) ऑसिलेटर आला, तो चुंबकीय क्षेत्रावर चालतो, एका टेस्लाला साधारण २८ गिगाहर्ट्झ, आणि सुंदर सरळ. मात्र कॉइलमधून करंट बदलायचा असल्याने हळू.

संगीतवाल्यांना तर सरळ रेषा नकोच होती. १९६४ मधे रॉबर्ट मूग यांनी जे व्होल्टेजवर चालणारे मॉड्यूल्स मांडले त्यात एक व्होल्ट वाढला की एक सप्तक वर, म्हणजे मुद्दाम एक्सपोनेन्शियल, ट्रान्झिस्टरच्या स्वभावातूनच मिळवलेलं. त्यात तापमानाची डोकेदुखी होती, बेसवरचे साधारण १८ मिलिव्होल्ट म्हणजे एक सप्तक आणि ते तापमानाबरोबर वाढतात, म्हणून एका अंशाला ३३०० पीपीएम (दहा लाखात ३३०० भाग) वाढणारा खास रेझिस्टर लावायचे. मला हा भाग फार आवडतो कारण यातून दिसतं की नियम ठरलेला आणि टिकणारा हवा, तो सरळच असला पाहिजे असं नाही.

मग नव्वदीत ऑसिलेटर सीमॉस चिपवर आला आणि ३० व्होल्ट गेले. फरक आकड्यात बघा. यूएचएफ ट्यूनरला ४७० ते ८६० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३९० मेगाहर्ट्झ, साधारण २८ व्होल्टमधे मिळायचे, एका व्होल्टला सुमारे १४. आता २.४ गिगाहर्ट्झच्या व्हीसीओला २० टक्के रेंज एका व्होल्टमधे हवी तर एका व्होल्टला ४८० मेगाहर्ट्झ, मग कंट्रोल लाइनवर एक मिलिव्होल्टचा गोंधळ झाला की फ्रिक्वेन्सी ४८० किलोहर्ट्झ हलते. रेंज कमी ठेवावी म्हटलं तर तेही जमत नाही, कारण चिप बनतानाच कपॅसिटरची किंमत दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होते.

इथे तो खटका परत आला. १९९८ मधे अमेरिकेतल्या यूसीएलए विद्यापीठाच्या क्राल, बेहबहानी आणि असद अबिदी यांनी स्विचने जोडता-काढता येणारे कपॅसिटर वापरून मोठी उडी मारायची आणि व्हॅरॅक्टरकडे फक्त बारीक ट्यूनिंग ठेवायचं असं मांडलं. तीच बँडची पद्धत, फक्त स्विच ट्रान्झिस्टरचे. शेजारचे बँड एकमेकांवर थोडे चढलेले ठेवायचे, नाहीतर मधे फट राहते आणि पीएलएल, म्हणजे ऑसिलेटरला ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवणारा लूप, तिथे लॉकच होत नाही.

तरी लिनिॲरिटी सुटली नाही. कपॅसिटन्समधल्या तेवढ्याच बदलाने फ्रिक्वेन्सी किती सरकेल ते फ्रिक्वेन्सीच्या घनावर अवलंबून, त्यामुळे वरच्या बँडमधे गेन (एका व्होल्टला फ्रिक्वेन्सी किती सरकते) जास्त आणि खालच्या बँडमधे कमी, आणि त्याबरोबर पीएलएलची बँडविड्थ बदलते. म्हणून खालच्या बँडला जास्त व्हॅरॅक्टर जोडायचे, किंवा पीएलएलमधे कंट्रोल व्होल्टेज बनवणाऱ्या चार्ज पंपचा करंट बँडप्रमाणे बदलायचा. चिपवरच्या मॉस व्हॅरॅक्टरची चढण तर एका व्होल्टच्या आतच संपते, तर त्याचे तीन-चार तुकडे करून प्रत्येकाला वेगळा बायस द्यायचा, एकाची चढण संपते तिथे दुसऱ्याची सुरू, आणि बेरीज बरीच सरळ येते. चालू झाल्यावर बँड कोणता हे आता चिपमधलं लॉजिक आधी ठरवतं, आणि मग लूप व्हॅरॅक्टरचं चाक फिरवायला घेतो.