स्नॉर्केलिंग, सहकुटुंब

डोळ्यांवर मास्क आणि तोंडात श्वासनळी लावून, पाण्यावर पालथे तरंगत समुद्राचा तळ पाहण्याचा प्रकार. स्कूबात असते तशी हवेची टाकी यात नसते. कोल्हापूरकरांना यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण मालवण. राधानगरी-दाजीपूरवरून फोंडा घाट उतरला की काही तासांत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या कुरटे बेटाजवळचे खडक गाठता येतात. १८१२ च्या तहात इंग्रजांकडे जाईपर्यंत मालवण कोल्हापूर संस्थानाचेच होते. प्रवाळ खऱ्या अर्थाने पाहायचे तर अंदमान गाठावे लागते. तिथल्या स्वराज द्वीपावरील (पूर्वीचे हॅवलॉक) एलिफंट बीचवर पाणी मालवणपेक्षा कितीतरी नितळ असते.

कोल्हापूरचा माणूस पोहायला शिकतो तो विहिरीत नाहीतर पंचगंगेच्या घाटावर, पाठीला डबा बांधून. ऑलिंपिकपर्यंत गेलेला वीरधवल खाडे याच शहराचा. त्यामुळे ‘आमास्नी पवाय येतंय की’ हे उत्तर नावेवर हमखास मिळते आणि लाइफ जॅकेट बाकाखाली जाते. अडचण इथेच सुरू होते. नदीची ओढ एकाच दिशेची असते, काठ दोन्हीकडे दिसतो. समुद्रात ओढ साधारण सहा तासांनी उलटते, आणि ओहोटीत ती माणसाला किनाऱ्यापासून दूर नेते. खाली मान घालून मासे बघणाऱ्याला आपण किती वाहत गेलो हे कळतही नाही. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी डोके वर काढून नाव कुठे आहे ते पाहायचे. ओढीत सापडलेच तर तिच्याशी झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाजूला व्हावे, दम संपत आला तर नुसते तरंगत हात वर करावा.

भरतीचा अंदाज कोकणात तिथीवरून बांधतात. तिथीची पाऊणपट केली की जो तास येतो, त्या सुमारास पूर्ण भरती : चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. तेव्हा ओढ जास्त आणि पाणी गढूळ, त्यामुळे अष्टमीच्या आगेमागे गेलेले बरे. हा हिशेब कोकण किनाऱ्यापुरताच; अंदमानला तो चालत नाही, तिथे स्थानिक नावाड्यालाच विचारावे. पावसाळ्यात दोन्हीकडचा बेत रद्द समजावा.

मास्क नीट बसतो का, हे पट्टा न लावता तपासतात. तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलकेच हवा ओढायची. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. भरघोस मिशी असेल तर रबर कातडीला टेकत नाही आणि पाणी झिरपत राहते. मिशी उतरवणे कोल्हापुरात सुचवण्याजोगे नाही, तेव्हा नाकाखाली व्हॅसलीन चोपडून निभवावे. मुलांना मोठ्यांचा मास्क घट्ट आवळून देण्यात अर्थ नसतो, त्यांचे माप वेगळे. नळी साधारण फूट-सव्वा फुटाचीच असते. ती लांब केली तर वापरलेली हवाच पुन्हा आत येते आणि पाण्याच्या दाबाखाली छाती फुगवणेही जड जाते. पहिला सराव कमरेइतक्या पाण्यात करावा.

मूल हाताच्या अंतरावर असावे आणि त्याच्यासाठी एक मोठा माणूस नेमलेला असावा. ‘सगळ्यांचे लक्ष आहे’ म्हणजे कुणाचेच नाही. विहिरीतली श्वास रोखून बुडी मारण्याची पैज इथे सक्त मना. आधी भराभर श्वास घेऊन बुडी मारली की श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि काहीही सूचना न मिळता पाण्यातच शुद्ध हरपू शकते. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या आजी-आजोबांनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात एकाएकी धाप लागली तर ताबडतोब बाहेर यावे. आदल्या रात्रीची दारू उतरली नसेल त्याने नावेतच बसावे. पाठ उन्हाने भाजते, म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट हवा.

खडकांवरची कालवे (धारदार शिंपले) पाय कापतात, समुद्री साळूचे काटे रुततात. म्हणून तळावर उभे राहू नये. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरीही आहेत. ‘पाण्यात उतरू नये’ अशी पाटी असेल तिथे वाद घालू नये. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती सजीवांची वसाहत असते आणि तिची वाढ अतिशय मंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. शोकेससाठी प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालणे हा गुन्हा ठरतो, मग तो वाळूत पडलेला सापडला असला तरी.