हरळी आणि लव्हाळा: दिसायला गवत, वागायला वेगळी

पावसाळ्यात हिरवळीत लांबट पाने वर आली की आपण त्यांना सरसकट गवत म्हणतो आणि सगळ्यांवर एकच तणनाशक मारतो. ही चूक महागात पडते, कारण हरळी हे खरे गवत आहे, पण लव्हाळा गवताच्या कुळातलाच नाही. लव्हाळ्याचा दांडा चिमटीत फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. हरळीची काडी गोल असून तिला पेरे असतात. गणपतीला वाहतो ती दूर्वा म्हणजे ही हरळीच.

उगवणपूर्व तणनाशकांचा, उदाहरणार्थ पेंडिमिथॅलिनचा, भर बियांतून निघणाऱ्या कोवळ्या रोपांवर असतो. हरळीचे बी बारीक असते आणि जमीन तापली की रुजते, त्यामुळे तिथे त्याचा थोडा तरी उपयोग होतो. मात्र जुन्या काश्यांतून, म्हणजे जमिनीत आडव्या पसरलेल्या खोडांतून, फुटणाऱ्या कोंबांना ते रोखू शकत नाही. लव्हाळ्याचे बी क्वचितच रुजते. त्याचा सारा पसारा जमिनीखालच्या गाठींवर, म्हणजे नागरमोथ्यावर चालतो. या गाठी बारीक धाग्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात आणि माळेच्या टोकाची गाठ फुटली की मागच्या गाठी बहुधा निद्रिस्त राहतात. म्हणूनच झाड उपटताना माळ तुटली की त्या झोपलेल्या गाठींनाही कोंब येतात, आणि एकाच्या जागी चार उगवल्याचा अनुभव येतो.

सोयाबीनमधील गवतांसाठी वापरले जाणारे क्विझालोफॉप हिरवळीवर मारले, तर हिरवळ जळेल आणि लव्हाळा तसाच उभा राहील. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल हे निवडक औषध आहे. आपल्याकडे उसातील लव्हाळ्यासाठी ते वापरतात आणि गवतवर्गीय पिकाला त्याचा त्रास सहसा होत नाही. पाने पिवळी पडायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून घाईने दुसरी फवारणी करू नये. पाने औषध शोषून गाठींपर्यंत पोहोचवतात, त्यामुळे फवारणीच्या आधी-नंतर दोन दिवस हिरवळ कापूही नये. निद्रिस्त गाठी वाचतातच, तेव्हा नव्या फुटव्यावर पुढे पुन्हा फवारावे लागते. मात्रा डब्यावरील लेबलाप्रमाणेच घ्यावी.

दुसऱ्या जातीच्या हिरवळीत हरळी शिरली, तर काम अधिक अवघड आहे, कारण तिला मारणारे बहुतेक औषध हिरवळीलाही मारते. तेवढा तुकडा खणून, काश्या वेचून, उन्हाळ्यात माती तापू द्यावी आणि मग नवी हिरवळ लावावी.