पित्ताशय गेलं, पित्त राहिलं

मावशीच्या पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता. कोल्हापुरात राजारामपुरीत तिला भेटायला गेलो, तर तिनं आधी उशाजवळची काचेची बाटली पुढं केली. आत हरभऱ्याएवढे पिवळट-तपकिरी खडे. ‘सतरा हाईत. मी मोजलो,’ ती म्हणाली. मग मुद्द्याचं विचारलं, ‘पित्ताची पिशवीच काढली म्हटल्यावर माझा पित्ताचा त्रास कायमचा गेला न्हवं?’

गेला नव्हता. आंबट ढेकर आणि छातीतली जळजळ यांचा त्या पिशवीशी संबंधच नव्हता. चूक मावशीची नाही, आपल्या बोलण्याची आहे. जठरातलं आम्ल वर आलं की आपण पित्त झालं म्हणतो. अंगावर गांधी आल्या की पित्त उठलं म्हणतो. रागावलो की पित्त खवळतं. आयुर्वेदातलं पित्त तर त्याहून कितीतरी व्यापक. आणि यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस, त्याचंही नाव पित्तच. हा गोंधळ कधीकधी महागात पडतो. जड जेवणानंतर तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात कळ येते, पाठीत किंवा उजव्या खांद्यापर्यंत जाते, काही तास टिकते आणि ओसरते. ही खड्याची कळ. मावशीनं ती कोकम सरबत आणि सोड्यावर दोन वर्षं काढली.

पित्ताशय कसं दिसतं ते मटण-कोंबडी साफ करणाऱ्याला सांगावं लागत नाही. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी तो हलक्या हातानं सोडवतो, कारण ती फुटली तर कलेजी कडूजार. माणसाची पिशवी लांबट पेरूच्या आकाराची. तिच्यात 30 ते 50 मिलिलिटर पित्त मावतं. यकृत मात्र दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्त बनतं यकृतात. पित्ताशय फक्त ते साठवतं आणि त्यातलं पाणी शोषून पाच-दहा पट दाट करतं. हे एवढं ध्यानात घेतलं की पुढचं निम्मं कोडं सुटतं.

या रसाचं काम काय? तांबडा रस्सा हाणल्यावर हात नुसत्या पाण्यानं धुऊन बघा. तर्री निघत नाही, साबण लागतो. आतड्यातही तीच अडचण. स्वादुपिंडाच्या रसात चरबी तोडणारं विकर असतं, पण तेलाचे मोठाले थेंब पाण्यावर तरंगत राहिले तर त्याला फक्त वरवरच कुरतडता येतं. पित्तातले क्षार साबणासारखे वागतात. ते थेंब फोडून इतके बारीक करतात की विकराला सगळीकडून हात घालता येतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं चरबीत विरघळणारी, त्यामुळे तीही याच वाटेनं अंगी लागतात. आणि शरीर मोठं काटकसरी. काम झालेले क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषले जातात आणि रक्तातून यकृताकडं जातात. साधारण 95 टक्के क्षार असे परत येतात. तोच माल दिवसात अनेकदा फिरतो.

पिशवीला पिळायची वेळ कशी कळते? राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पावसाळ्यात पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि त्यातला कितवा उघडला याची चर्चा कोल्हापुरात चहाच्या गाड्यावर चालते. पित्ताशयाची तऱ्हा थोडी उलटी. ते भरलं म्हणून उघडत नाही, खालून मागणी आली की उघडतं. लोण्याचा डोसा किंवा गंगावेशीतलं म्हशीचं दूध जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचलं की तिथल्या पेशी एक संप्रेरक रक्तात सोडतात. त्यानं पिशवी आकुंचन पावते आणि पित्तनलिकेच्या तोंडाशी असलेला स्नायूंचं कडं सैल होतं. अँड्र्यू आयव्ही आणि एरिक ओल्डबर्ग यांनी 1928 मध्ये त्याला कोलेसिस्टोकायनिन असं जिभेला गाठ पाडणारं नाव दिलं. ग्रीकमध्ये अर्थ अगदी साधा आहे, ‘पित्ताची पिशवी हलवणारा’.

साठवणीतच खड्यांचं मूळ आहे. पित्तात कोलेस्टेरॉल असतं आणि क्षार ते विरघळलेलं ठेवतात. कोलेस्टेरॉलचं प्रमाण वाढलं, पिशवी आळसली, की तळाशी गाळ बसतो आणि गाळाचे खडे होतात. बायकांमध्ये, विशेषतः गरोदरपणात, हे जास्त घडतं. झपाट्यानं वजन उतरवणाऱ्यांनाही हा धोका असतो.

‘मग नुसते खडे काढायचे, पिशवी कशाला?’ हा मावशीचा दुसरा प्रश्न. मूतखड्यावर आपल्याकडं कुळथाचं कढण आणि भरपूर पाणी हा ठरलेला उपाय, पण लघवीची वाट पित्ताशयातून जात नाही. हे खडे पाण्यानं वाहून जात नाहीत, आणि एखादा निसटून पित्तनलिकेत अडकला तर कावीळ होऊ शकते. एकोणिसाव्या शतकात सर्जन खडे काढून पिशवी तशीच ठेवत आणि खडे पुन्हा होत. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यांनी 15 जुलै 1882 रोजी 43 वर्षांच्या एका रुग्णाचं अख्खं पित्ताशयच काढलं. त्यांचं म्हणणं, पिशवीत खडे आहेत म्हणून नव्हे, ती खडे बनवते म्हणून ती काढायची. शिवाय काही प्राण्यांना ती मुळात नसतेच, हेही त्यांना ठाऊक होतं. दुर्बिणीतून हेच काम जर्मनीतल्या एरिश म्यूहे यांनी 1985 मध्ये केलं. अर्थात सोनोग्राफीत खडे दिसले म्हणून लगेच टेबलावर जायचं नसतं. त्रास न देणारे खडे बहुतेकदा तसेच राहू दिले जातात.

ते पित्ताशय नसलेले प्राणी कोणते? घोडा, हत्ती, सांबर, कबूतर. घोडा दिवसभर थोडं थोडं चरत असतो, त्याला साठा कशाला? घुशीच्या कुळातल्या मोठ्या उंदराला नसतं, घरातल्या चिमुकल्या उंदराला मात्र असतं. गणपतीचं वाहन यातलं कुठलं, हे ठरवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मावशीनं ते लगेच ठरवून टाकलं: ‘बाप्पाला न्हाई, उंदराला न्हाई, आता मला न्हाई.’

पिशवी गेल्यावर धरण नसलेल्या नदीसारखं होतं. पाणी तेवढंच, फक्त अडवलेलं नाही. यकृताचं पित्त दाट न होता थेंबाथेंबानं आतड्यात उतरत राहतं आणि रोजच्या जेवणाला ते पुरतं. अडचण येते ती एकदम मोठी मागणी आली की. एका बैठकीत चार वाट्या रस्सा आणि वर तळणी झाली तर चरबी अर्धवट पचून पुढं सरकू शकते. काहींना पातळ जुलाब होतात, कारण जादा क्षार मोठ्या आतड्यात पोचून तिथं पाणी ओढतात. बहुतेकांचं ते काही आठवड्यांत सुधारतं. लांबलं तर क्षारांना धरून ठेवणारी औषधं मिळतात, आणि जुलाबाचं कारण नेमकं हेच आहे हे डॉक्टरांनी ठरवावं. सुरुवातीला तेल-तूप बेतानं, थोडं थोडं पण वेळेवर खाणं, भाज्या-कडधान्यं हळूहळू वाढवणं, एवढं पुरतं. कायमचं बेचव जेवायची गरज नसते. डोळे पिवळे होणं, थंडी वाजून ताप, पुन्हा तीच कळ, यातलं काही झालं तर मात्र घरी बसायचं नाही, कारण खडा पित्तनलिकेतही असू शकतो.

सहाव्या आठवड्यातल्या रविवारी मावशीनं वाटीभर पांढरा रस्सा घेतला. तांबड्यावरची तर्री चमच्यानं बाजूला सारली, तीही मी समोर बसलो होतो म्हणून. संध्याकाळी फोन आला, ‘काय झालं न्हाई. जळजळ तेवढी हाय.’