बटनापासून एमडीपर्यंत : मराठवाड्यातल्या पोरांच्या नशेची पार्श्वभूमी

एमडी, म्हणजे मेफेड्रोन ही रासायनिक नशा. हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. डीआरआय (केंद्राचं महसूल गुप्तचर संचालनालय) आणि अहमदाबादच्या गुन्हे शाखेने छत्रपती संभाजीनगरात आणि पैठण एमआयडीसीतल्या एका कारखान्यात छापे घातले. कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोन मिळून २५० कोटींहून जास्त किमतीचा माल सापडला. त्याच महिन्यात वाळूजलाही मेफेड्रोन पकडलं गेलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या सापडल्या आणि देवीचं गाव हादरलं. एप्रिलमध्ये लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात डीआरआयने चोरून चालवलेला एमडीचा कारखानाच उघडा पाडला. तिथे ११.३६ किलो माल मिळाला.

दर वेळी लोक म्हणाले, 'हे आपल्याकडं कधीपासून आलं?' बातमी त्या दिवशी आली हे खरं. पोरं मात्र त्याआधीच तिथपर्यंत पोचलेली होती.

यातला सगळ्यात जुना धागा शिंदीचा आहे. निजामाच्या राजवटीत शिंदीवरचा अबकारी कर हे मोठं उत्पन्न होतं. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या पट्ट्यात आणि पलीकडे निजामाबादेत शिंदी हे कष्टकऱ्यांचं रोजचं पेय होतं. झाडं कमी झाली, मागणी काही कमी झाली नाही. मग तेलंगणात शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम अशी झोपेची रसायनं मिसळली जाऊ लागली. पिणाऱ्याला वाटे, आपण झाडाचा रस पितोय. २०१५ मध्ये तेलंगण सरकारने या भेसळीवर कडक कारवाई केली. शिंदी अचानक बंद झाली आणि शेकडो माणसं थरथरत, भ्रमिष्ट होऊन, झटके येत दवाखान्यांत दाखल झाली. काही दगावलीही. माल बंद केला, पण त्याची सवय लागलेल्या शरीरांचं काय करायचं याची तयारी कुणी केलेली नव्हती. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवावं, कारण आपल्याकडेही तेच घडत आलंय.

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, आली. तिने कॉलेजची पोरं पोखरली, आणि त्या धक्क्यातून १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचटांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. मराठवाड्यात तेव्हा आणि नंतरही व्यसन म्हटलं की दारूच डोळ्यांसमोर यायची. त्यामुळे इथली व्यसनमुक्तीची सगळी घडी दारू पिणाऱ्या कर्त्या पुरुषासाठी बसली. त्याला बायको घेऊन येते, तो पंधरा दिवस राहतो, शपथ घेतो आणि घरी जातो. एकोणीस वर्षांचं पोरगं त्या घडीत बसत नाही.

हे पोरगं आधी गाठतं 'बटन'. संभाजीनगरात नायट्राझेपामसारख्या गोळ्यांना हेच नाव आहे. मालेगावकडे अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, तो शब्दही इकडे आला. जोडीला कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. दारूचा वास येतो, गोळीचा येत नाही. घरी जेवायला बसलं तरी आईला कळत नाही. शिवाय ते 'औषध' असतं, दुकानातून आलेलं, चकाकत्या पाकिटातलं. ते विष असेल असं वाटत नाही. दहाची पत्ती कात्रीने कापून दोन-दोन गोळ्यांचे तुकडे विकले जातात. त्या तुकड्यावर ना पुरतं नाव उरतं ना तारीख, म्हणून नंतर डॉक्टरने विचारलं तरी पोराला सांगता येत नाही की त्याने नेमकं काय खाल्लं.

मेफेड्रोनची गोष्ट निराळी आहे. ते पहिल्यांदा १९२९ मध्ये बनवलं गेलं आणि नंतर विसरलं गेलं. २००३ च्या सुमारास इंटरनेटवरच्या हौशी रसायनकारांनी ते पुन्हा उकरून काढलं. ब्रिटनने २०१० मध्ये बंदी घातली, भारतात ते एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आलं २०१५ मध्ये. अफूला शेत लागतं, गांजाला डोंगर. एमडीला लागतात रसायनं, एक रिॲक्टर आणि औषध कंपनीत हात बसलेला माणूस. औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने असलेल्या पट्ट्यात या तिन्ही गोष्टी जवळपास मिळतात. त्यामुळे पैठण किंवा वाळूजचं नाव या यादीत येणं मला आश्चर्याचं वाटलं नाही. वाईट मात्र फार वाटलं. ज्या एमआयडीसीने खेड्यातल्या पोरांना पगार दिला, तिच्याच गाळ्यात हे शिजत होतं.

पोरं हे का घेतात, याचं उत्तर 'वाईट संगत' एवढ्यावर संपत नाही. रात्रपाळीला कंत्राटावर लागलेला पोरगा जागं राहायला घेतो. भरतीचं वय निघून चाललेला, गावी तोंड दाखवू न शकणारा पोरगा खोलीवर रिकामा बसतो आणि संध्याकाळ काढण्यासाठी घेतो. लातूरसारख्या शिकवणीच्या शहरात घरच्यांनी जमीन गहाण टाकून ठेवलेलं लेकरू झोपेसाठी एक गोळी आणि अभ्यासासाठी दुसरी शोधतं. एमडीने तास-दोन तास वाटतं की आपण कुणीतरी आहोत, बोलू शकतो, भीती नाही. ज्याला महिनोन्‌महिने आपण कुणीच नाही असं वाटत आलंय, त्याला हा अनुभव एकदाच पुरतो. असर लवकर उतरतो, म्हणून त्याच रात्री पुन्हा घ्यावं लागतं. पैसे संपतात आणि घेणारा विकणारा होतो. तुळजापूरच्या प्रकरणात आरोपी वाढत गेले तसे 'विक्री गट' आणि 'सेवन गट' असे दोन भाग करावे लागले. कागदावर ते वेगळे दिसतात. बऱ्याचदा तो एकच मुलगा असतो, सहा महिने आधीचा आणि नंतरचा.

कायद्यात या मुलासाठी एक दार आहे. एनडीपीएसचं कलम ६४-अ सांगतं की अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस मान्यताप्राप्त ठिकाणी स्वतःहून उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. मेफेड्रोनसाठी अल्प म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. हे दार गावात किती जणांना माहीत आहे? आईबाप पोलिसाच्या भीतीने पोराला मामाच्या गावी लपवतात. उपचाराचे पहिले महिने तिथेच जातात.

आणि उपचार तरी कुठे? एम्सच्या केंद्राने २०१९ मध्ये दिलेल्या देशव्यापी अहवालानुसार बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत एकालाच कधीतरी मदत मिळालेली होती. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. आठ जिल्ह्यांच्या मराठवाड्यात त्यातलं एकही नाही.

बटन आणि एमडी यांचे उपचारही एक नाहीत. हे केंद्र चालवणाऱ्यांनाही ठासून सांगावं लागतं. बटन एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जीव जाऊ शकतो. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली, आठवड्याआठवड्याने उतरवत न्यावं लागतं. खोलीत कोंडून 'सोडव' म्हणणारी केंद्रं म्हणूनच धोक्याची. गर्दसाठी असतं तसं पर्यायी औषध एमडीसाठी नाही. तिथे कामाला येतं ते समुपदेशन, घरच्यांना दिलेलं प्रशिक्षण आणि दर आठवड्याची गाठ. ही गाठ कित्येक महिने चालू राहायला हवी. परभणीच्या खेड्यातल्या पोराला त्या गाठीसाठी अख्खा दिवस आणि दोन एसटी बदलाव्या लागल्या, तर तो तिसऱ्यांदा येत नाही.

मला एक आई आठवते. पदराच्या टोकाला फोन नंबरांची चिठ्ठी बांधलेली. मुलगा एमडी सोडून तिसरा दिवस. ती विचारत होती, "दोन दिस झाले, लेकरू उठंना. झोपू देऊ का उठवू?" ज्या केंद्रातून ती आली होती तिथे तिला बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या, ही सांगितली नव्हती. एमडी थांबली की असं गाढ झोपणं येतं, भूक येते, आणि मग खोल उदासी. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार याच दिवसांत येतो. गोळ्याही घेत असेल तर मात्र ही झोप घरी सांभाळायची नसते. उठवून उठत नसेल, श्वास संथ वाटला तर थेट दवाखाना.

तिचा मुलगा हाक मारली की डोळे उघडत होता. मी तिला म्हटलं, झोपू द्या मावशी, पण एकटं ठेवू नका. उठला की आधी खायला घाला. काय केलंस ते आज विचारू नका. आणि चिठ्ठीवर अजून एक नंबर लिहून दिला, १४४४६, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन.