मत्स्यकन्येचा सांधा

पोळा जवळ आला की नागपूरच्या महाल भागातल्या चितार ओळीत गणपतींच्या रांगा लागतात. हत्तीचं मस्तक माणसाच्या धडावर बसवलंय, हे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही, इतका तो सांधा कानांत, हारांत आणि सोंडेच्या वळणात मुरलेला असतो. माझ्याकडे चित्रकला शिकणारी मुलं याच गल्ल्यांतून येतात, तरी मत्स्यकन्या काढायला बसली की कमरेशी अडतात. वर बाई छान, खाली मासा छान आणि मध्ये घागऱ्याच्या नेफ्यासारखी एक सरळ रेघ. या पावसाळ्यात एक मुलगी टॅब्लेट बाजूला ठेवून म्हणाली, "सर, मी तर समुद्रच नाही पाह्यला. मग मला हे जमणार कसं?"

नागपूरहून कुठल्याही दिशेला निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. पण या चित्राचा इतिहास पाहिला, तर तो तिच्या बाजूचा आहे.

अर्धा माणूस, अर्धा मासा या रूपाची काही फार जुनी आणि ठसठशीत शिल्पं इराकमध्ये मोसुलच्या आसपास सापडली. निमरूद आणि खोर्साबाद ही ॲसिरियन राजांची नगरं. दोन्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. निमरूदच्या निनुर्ता देवाच्या मंदिरात इ.स.पू. नवव्या शतकात कोरलेला एक ज्ञानी पुरुष आहे. त्याने अख्ख्या माशाचं कातडं पांघरलंय. माशाचं डोकं टोपीसारखं कपाळावर, शेपटी मागे लोंबती आणि खाली माणसाचे पाय. इथे सांधा नाहीच, पोशाख आहे. दुसरी आकृती कुलुल्लूची. अक्कडी भाषेतला हा 'मासा-माणूस' कमरेपर्यंत दाढीवाला पुरुष आणि खाली थेट मासा. खोर्साबादला इ.स.पू. आठव्या शतकात दुसऱ्या सार्गोन राजासाठी एक मोठा शिल्पपट घडवला गेला. जहाजांवरून लाकडाचे ओंडके येताहेत, पाण्यात मासे, खेकडे, कासवं, आणि त्यांच्याच घोळक्यात हा मासा-माणूस. आज हा पट पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. शिल्पकाराने त्याला वेगळं काढून मिरवलेलं नाही, खेकड्याइतकाच खरा धरलाय. मला त्या पटातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

किनाऱ्यावरच्या लोकांनीही हे रूप पुजलं. भूमध्य समुद्राकाठच्या अस्कलोनमधल्या देरकेतो देवीचा चेहरा स्त्रीचा आणि बाकी अंग माशाचं असल्याचं दिओदोरस या ग्रीक इतिहासकाराने इ.स.पू. पहिल्या शतकात नोंदवलंय. ग्रीकांच्या सायरन मात्र मुळात पक्षी-स्त्रिया होत्या. मातीच्या भांड्यांवर त्यांना पंख आणि नख्या आहेत. त्यांना माशाची शेपटी जोडणारं लॅटिन वर्णन सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराचं. पुढे कित्येक शतकं दोन्ही रूपं शेजारी शेजारी रंगवली गेली. हा बदल चर्मपत्रावर घडला, कोणी समुद्रात नवं काही पाहिलं म्हणून नाही.

कोलंबसचंच पाहा. जानेवारी 1493 मध्ये हिस्पॅनिओला बेटाजवळ त्याला तीन मत्स्यकन्या दिसल्या आणि चित्रात काढतात तेवढ्या त्या सुंदर नाहीत, अशी नोंद झाली. बहुधा ते मॅनाटी होते, आपल्या समुद्रगायीचे म्हणजे डुगाँगचे नातेवाईक. म्हणजे चित्र तो डोक्यात घेऊनच निघाला होता आणि प्राणी नंतर भेटला.

मुलांना मी इथे थोडा वेळ थांबवतो, कारण चित्राचं खरं व्याकरण इथे सापडतं. मासा कणा डावी-उजवीकडे वळवून पोहतो, म्हणून त्याचा शेपटीचा पर उभा. डुगाँग, डॉल्फिन हे सस्तन प्राणी कणा वर-खाली वाकवतात, म्हणून त्यांची शेपटी आडवी. बाईच्या पाठीचा कणा खाली तसाच चालू ठेवला, तर शेपटी आडवीच हवी. रोहूसारखी उभी ठेवायची, तर कमरेत कुठेतरी पीळ दाखवावा लागतो. डुगाँग आपल्याकडे कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात आणि अंदमानजवळ आजही आहेत.

आपल्या परंपरेत सांध्याची उत्तरं आणखी वेगळी. रामटेकला वाकाटकांच्या काळातला, पाचव्या शतकातला नरसिंह बसलाय. नरसिंहात सिंह आणि माणूस आयाळीत मिसळतात. मत्स्यावताराच्या चित्रांत चतुर्भुज विष्णू बरेचदा माशाच्या उघड्या तोंडातून वर येतो. म्हणजे सांधा झाला माशाचा जबडा! इतकी सुंदर सोडवणूक मला दुसरीकडे क्वचितच दिसली. आणि पेशावरकडच्या गांधार शिल्पांत, समुद्रापासून हजार किलोमीटर आत, ग्रीक वळणाचे शेपटीवाले सागरपुरुष कोरलेले आहेत.

एक धागा तर थेट आपल्या देवघरापर्यंत येतो. पश्चिम आफ्रिकेत मामी वाटा ही जलदेवता. कधी ती मत्स्यकन्या असते, कधी अंगाभोवती साप घेतलेली बाई. ही दुसरी प्रतिमा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत हॅम्बुर्गला छापलेल्या एका गारुडिणीच्या रंगीत चित्रावरून रुजली. तेच चित्र 1955 मध्ये मुंबईच्या एका कॅलेंडर कंपनीने पुन्हा छापलं, आफ्रिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी. त्या व्यापाराबरोबर आपली देवादिकांची कॅलेंडरंही तिकडे गेली आणि टोगो-घाना भागात देन्सू नावाचा तीन मस्तकांचा जलदेव आपल्या दत्तात्रेयाच्या चित्रावरून रंगवला जाऊ लागला. औदुंबराखालचे दत्तगुरू तिकडे पाण्याचे देव झाले.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला भोईपुऱ्याच्या मासळी बाजारात पाठवलं. ती एक रोहू घेऊन आली. आम्ही तो वर्तमानपत्रावर ठेवून तासभर पाहिला. खवले कौलांसारखे एकावर एक, उघडी कड शेपटीकडे. कडेने जाणारी ठिपक्यांची बारीक ओळ. पोटाकडे रंग फिका होत जाणारा.

तिने कमरेवरची रेघ पुसली. आता खवले शेवटच्या बरगडीखाली सुरू होतात, आधी त्वचेच्याच रंगाचे, विरळ, घामाच्या थेंबांएवढे. मांड्यांच्या जागी पोचेपर्यंत ते दाट आणि गडद होतात. शेपटी उभी ठेवायची की आडवी, हे तिचं अजून ठरलेलं नाही.