‘मशीन गेलं’ म्हणजे नेमकं काय गेलं?

गाडीच्या दाराची काच वर-खाली होईना की गॅरेजवाला म्हणतो, ‘मशीन गेलं’. बंद टपाच्या सुरुवातीच्या मोटारींत काच आगगाडीच्या खिडकीसारखी चामडी पट्ट्याने वर ओढायची आणि पट्ट्याचे भोक खुंटीत अडकवायचे. हँडल नंतर आले. अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांत १९४०च्या सुमारास पॉवर विंडो, म्हणजे बटणाने चालणाऱ्या काचा, आल्या. आपल्याकडे अँबॅसॅडर, पद्मिनी आणि १९८३ची मारुती ८०० हँडलवरच चालल्या, आणि गॅरेजची भाषाही त्याच काळात घडली.

त्या भाषेत दारातल्या काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेला ‘मशीन’ म्हणतात. हँडलच्या काळी शब्द चोख होता. हँडलमागची पिनियन (छोटे दातेरी चाक), तिच्या दात्यांत बसलेला अर्धगोल दातेरी पत्रा, त्याला जोडलेला धातूचा हात आणि काचेखालच्या पट्टीत सरकणारा रोलर, हे सगळे एकत्रच मिळायचे. पिनियनपाशी एक गुंडाळी स्प्रिंग असायची. हँडल फिरवले की ती सुटायची, काचेच्या वजनाने उलटा जोर आला की घट्ट पकडून बसायची. म्हणून काच आपोआप घसरत नसे. दाते झिजायला वर्षे लागत आणि ग्रीस लावून निम्मी दुखणी मिटत.

मोटर आली आणि शब्दाचा गुंता झाला. पुढे अनेक गाड्यांत त्या धातूच्या हाताची जागा केबलने घेतली: केबल गुंडाळणारा ड्रम, उभी रूळपट्टी, वर-खाली पुली आणि काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर. वजन व जागा वाचते हे खरेच, पण त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतो. पाच बोटांएवढा स्लायडर तुटला तरी बहुधा अख्खी असेंब्ली बदलली जाते, कधी चांगल्या मोटरीसकट. बिलावर शब्द एकच, ‘मशीन’.

खरे तर दार उघडण्याआधीच बरेच कळते. बटण दाबल्यावर मोटर फिरल्याचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर केबल किंवा स्लायडर गेला. आवाज नाही पण आतला दिवा किंचित मंदावतो, तर मोटरला वीज पोचते आहे. मोटर जाम आहे किंवा काच अडकली आहे. काहीच होत नसेल तर फ्यूज, स्विच, किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीत वाकून वाकून तुटलेली वायर. अनेक गाड्यांत मागच्या दाराची वीज त्या दाराच्या स्वतःच्या स्विचमधून जाते. तिथले पॉइंट कार्बनने काळे पडले की ड्रायव्हरचे बटण धड असूनही काच हलत नाही.

केबल तुटते ती बहुतेक वेळा काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलमुळे. ऊन आणि धुळीने रबर कोरडे पडते, काच जड चालते, सगळा ताण केबल आणि स्लायडरवर येतो. तिथे सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीस धूळ धरते आणि रबर फुगवते. मशीन सोडण्याआधी काच वर घेऊन चौकटीला टेपने चिकटवावी, नाहीतर ती दारात कोसळते. आतला प्लास्टिकचा कागदही परत नीट चिकटवायला हवा. तो फाटका राहिला तर पावसाचे पाणी दाराखालच्या भोकांतून न जाता पायाशी येते.

काचेत मुले अडकून दगावल्यावर अमेरिकेत, काच बंद करताना वर ओढावे लागेल असे बटण सक्तीचे झाले. चुकून गुडघा टेकल्याने ते चालत नाही. एका स्पर्शात आपोआप बंद होणाऱ्या काचेने अडथळा लागताच, दाब १०० न्यूटनच्या (सुमारे दहा किलो वजनाएवढ्या) पुढे जाण्याआधी उलटे फिरावे, हा युरोपातला दंडकही त्याच काळजीतून आला. बॅटरी काढली की अनेक गाड्यांत काच कुठवर जाते याची यंत्रणेतली स्मृती पुसली जाते आणि एका स्पर्शात काच बंद होत नाही. काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरले की ती स्मृती परत येते. मशीन बदलायला निघण्यापूर्वी एवढे करून पाहावे.