पार्श्वभूमी : बोरीबंदरचा स्टीव्हन्स

बोरीबंदरच्या सीएसएमटी स्टेशनचा (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा) वास्तुकार म्हणून फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे नाव घेतले जाते आणि विषय तिथेच संपतो. ऐकणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ जन्मभर स्टेशनेच बांधत असणार. प्रत्यक्षात तो सरकारी बांधकाम खात्यातला इंजिनिअर. इंग्लंडमधल्या बाथ शहरात 1847 साली जन्म, तिथल्याच चार्ल्स डेव्हिस या वास्तुकाराच्या हाताखाली उमेदवारी आणि 1867 मध्ये थेट हिंदुस्थान. आधी पुणे, मग मुंबई.

मुंबईत त्याचे नाव झाले ते खलाशांच्या वसतिगृहामुळे. 1876 मध्ये पूर्ण झालेल्या या रॉयल आल्फ्रेड सेलर्स होममध्ये पुढे अनेक वर्षे विधिमंडळ भरत असे. आज तिथे पोलीस महासंचालकांचे कार्यालय आहे. 1877 मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वे कंपनीने स्टीव्हन्सला सरकारकडून मागून घेतले.

कंपनीला घाई असण्याचे कारण होते. बोरीबंदरहून 1853 पासून गाड्या सुटत होत्या, 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, 1870 मध्ये कलकत्त्यापर्यंत रूळ जोडले गेले. व्याप एवढा वाढला, पण त्याला साजेशी इमारत नव्हती. स्टीव्हन्स दहा महिने युरोपातली स्टेशने पाहून आला. लंडनच्या सेंट पँक्रासची छाप त्याच्या आराखड्यावर उघड दिसते. 1878 मध्ये सुरू झालेले काम दहा वर्षे चालले आणि खर्च सोळा लाखांवर गेला. मधेच, 1887 मध्ये, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून व्हिक्टोरिया टर्मिनस (आजचे सीएसएमटी) हे नावही देऊन झाले.

नकाशा स्टीव्हन्सचा खरा, पण हात अनेकांचे. सहायक इंजिनिअर रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य, देखरेखीला एम. एम. जनार्दन आणि नक्षीकामाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. दगडातली माकडे, मोर, खारी जवळ जाऊन बघावीत. इंग्लंडच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या, इमारतीत ती सहसा सापडायची नाहीत. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, म्हणजे ब्रिटन आणि हिंदुस्थान. घुमटावरची मशालधारी ‘प्रगती’ मात्र थॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. आपण ज्याचे फोटो काढतो, तो घुमटाचा भाग हे मुळात रेल्वेचे ऑफिस आहे. तेव्हा जीआयपीचे, आता मध्य रेल्वेचे. गाड्या लागतात त्या बाजूच्या शेडमध्ये. स्टीव्हन्सची खरी हातोटी कचेऱ्यांना राजवाड्याचा थाट देण्यात होती, असे माझे मत.

पुढची कामे तेच सांगतात. 1884 मध्ये नोकरी सोडून त्याने स्वतंत्र व्यवसाय थाटला. स्टेशनासमोरच्या महापालिका इमारतीसाठी आधी रॉबर्ट चिझम या वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला होता. बांधला गेला तो स्टीव्हन्सचा, 1893 मध्ये. नंतर बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या दुसऱ्या रेल्वेनेही त्यालाच गाठले. चर्चगेटसमोरचे तिचे मुख्यालय, म्हणजे आजचे पश्चिम रेल्वेचे, 1899 मध्ये उभे राहिले. इथवर गॉथिक बरेच मागे पडून घुमटांनी जागा व्यापली होती.

1900 मध्ये मलेरियाने मुंबईतच त्याचा मृत्यू झाला, दफन शिवडीला. मुलगा चार्ल्सही वास्तुकार, कुलाब्याचे रीगल थिएटर त्याचे. बापाचे स्टेशन 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, तर मुलाचे रीगल 2018 मध्ये, विसाव्या शतकातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारतींबरोबर.